नामदार गोखले आणि १३ मतांचं विधेयक



आठवीच्या नागरिकशास्त्रात संसदेचा पाठ शिकवायला घेतला की दरवर्षी माझी पंचाईत होते. विधेयक मांडलं जातं, पहिलं वाचन, दुसरं वाचन, समिती, तिसरं वाचन, शेवटी राष्ट्रपतींची सही. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, गुणही मिळवतात. पण हे सगळं लोक कशासाठी करतात, याचं कुतूहल काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि नामदार गोखल्यांच्या एका विधेयकाची गोष्ट सांगितली. मतदान झालं, बाजूने १३, विरोधात ३८, विधेयक पडलं, एवढं सांगून थांबलो. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. आपण हरणार हे त्यांना आधी कळलं नव्हतं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, चांगलं कळलं होतं. मग मांडलं कशाला, हा तिचा पुढचा प्रश्न.

घंटा झाली म्हणून मी सुटलो! पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्या सुट्टीत मी गोखल्यांचं चरित्र पुन्हा नीट वाचलं. आजचा लेख त्या मुलीसाठी आणि तुमच्या वर्गातल्या अशाच एखाद्या मुलीसाठी आहे.

आधी 'नामदार' या शब्दाविषयी थोडं. पुष्कळ मुलांना वाटतं की ही एखादी पदवी किंवा आडनाव आहे. तसं नाही. कायदेमंडळाच्या सभासदाच्या नावामागे इंग्रजीत 'ऑनरेबल' लावत, त्याचं मराठी झालं नामदार. तसे नामदार त्या काळी पुष्कळ झाले, पण तो शब्द नावाला कायमचा चिकटला तो गोखल्यांच्या. आपल्याकडे गोखल्यांची ओळख बहुतेक वेळा एका ओळीत संपते: मवाळ पुढारी, गांधीजींचे राजकीय गुरू. हा माणूस वर्षानुवर्षं हिवाळ्यात कलकत्त्याला जाऊन तिथे नेमकं काय काम करत होता, ते मात्र कोणी सांगत नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावातला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळ कागलला साध्या नोकरीत होते. गोपाळ १३ वर्षांचा असताना ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडलं आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाला कोल्हापूरला शिक्षणासाठी पाठवत. म्हणजे निम्म्याहून जास्त पगार! गोपाळ मॅट्रिक झाल्यावर आपणही आता नोकरी करावी म्हणू लागला, तेव्हा वहिनींनी आपले दागिने पुढे केले. पालकहो, ही गोष्ट मी मुद्दाम लांबवतोय. पुढे ज्या विधेयकात महिना १० रुपयांपेक्षा कमी मिळवणाऱ्या आईबापाकडून फी घेऊ नये असं कलम आलं, ते लिहिणाऱ्या माणसाला १५ रुपयांत घर कसं चालतं हे घरातूनच माहीत होतं.

१८८४ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. वय अवघं १८. मनात कायद्याचा अभ्यास होता, पण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक म्हणून आले आणि इथेच रमले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले, म्हणजे पुढची वीस वर्षं महिना ७५ रुपयांच्या आसपास पगारावर शिकवायचं, असं बांधून घेतलं. फर्ग्युसनमध्ये त्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. जो तास रिकामा तो गोखल्यांचा, असा प्रकार होता. त्यांनी शाळांसाठी अंकगणिताचं पुस्तकही लिहिलं आणि ते खूप चाललं. सुट्टी लागली की कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करायला गावोगाव हिंडायचं. (हे वाचताना आपल्यापैकी काहींना आपलीच सुट्टी आठवली असेल.)

ते वर्गात फार रंगून शिकवत असं नाही. पाठांतराची मात्र जबर सवय. इंग्रजी पुस्तकांची पानंच्या पानं तोंडपाठ. आज आपण पाठांतराला नावं ठेवतो, मीसुद्धा ठेवतो, पण पुढे कायदेमंडळात याच सवयीचा त्यांना किती उपयोग झाला ते बघाल.

त्यांचं खरं शिक्षण मात्र कॉलेजबाहेर झालं, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांकडे. रानडे शिस्तीचे कडक. सरकारी अहवाल, निळी पुस्तकं, जमाखर्चाचे तक्ते समोर टाकायचे आणि त्यावर टिपण लिहून आणायला सांगायचे. आकडा चुकला की पुन्हा लिहायचं. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम गोखल्यांनी याच काळात सांभाळलं. एकदा त्यांनी रानड्यांना विचारलं, की आपण एवढी मेहनत करून सरकारला अर्ज लिहितो आणि सरकार दोन ओळींत पोच देतं, मग हा खटाटोप कशाला? रानड्यांनी सांगितलं, की हे अर्ज नावापुरते सरकारला असतात. ते खरे लोकांसाठी असतात, या विषयांचा विचार कसा करायचा हे लोकांना कळावं म्हणून.

बघा, माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न गोखल्यांनीच तरुणपणी विचारून ठेवला होता.

एक मोठी चूकही त्यांच्या हातून झाली. १८९७ मध्ये ते लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारा हा आयोग. तिथे त्यांची साक्ष आणि उलटतपासणी उत्तम झाली. पण त्याच मुक्कामात पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर, प्लेगच्या बंदोबस्तावरच्या गोऱ्या सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी जाहीरपणे केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, आणि पत्रं लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांनी कोणाचंही नाव उघड केलं नाही, सगळा दोष स्वतःवर घेतला आणि माफी मागितली. पुण्यात त्यांची छी थू झाली. प्लेगच्या दिवसांत पुण्याच्या लोकांनी काय सोसलं होतं हे लक्षात घेतलं, तर ती माफी लोकांना इतकी का झोंबली तेही कळतं. मला वाटतं, पुढच्या १५ वर्षांत त्यांच्या एकाही भाषणात पुराव्याशिवाय वाक्य सापडत नाही त्याचं मूळ इथे आहे.

१८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात निवडून गेले. तिथे १९०१ मध्ये जमीन महसुलाचं एक विधेयक आलं. दुष्काळात सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेल्या जमिनी शेतकऱ्याला परत द्यायच्या, पण त्या विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क द्यायचा नाही, असा त्यातला मुख्य मुद्दा होता. सरकार म्हणे, हे सावकारापासून वाचवण्यासाठी. लोकांचे प्रतिनिधी म्हणाले, आधी लोकांना विचारा, घाई करू नका. सूचना फेटाळली गेली, फिरोजशहा मेहता सभागृह सोडून बाहेर पडले आणि काही वेळाने गोखलेही बाहेर पडले. आज सभात्याग ही रोजची बातमी झाली आहे. त्या काळी तो धक्का होता.

त्यानंतर लवकरच फिरोजशहांनी वरिष्ठ कायदेमंडळातली आपली जागा सोडली आणि मुंबईच्या बिनसरकारी सभासदांनी तिथे गोखल्यांना निवडून दिलं. वय ३५. १९०२ मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले.

आता हे वरिष्ठ कायदेमंडळ म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण पाठ्यपुस्तकात ते दोन ओळींत आटोपतं. गव्हर्नर जनरलचं हे कायदेमंडळ सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे करी. हिवाळ्यात ते कलकत्त्याच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये भरे आणि उन्हाळ्यात सिमल्याला. अध्यक्ष स्वतः व्हाइसरॉय. म्हणजे ज्याच्या कारभारावर टीका करायची तोच अध्यक्षाच्या खुर्चीत! १८९२ च्या कायद्याप्रमाणे सभासद थोडेच, त्यांतले निम्म्याहून जास्त सरकारी अधिकारी, आणि अधिकाऱ्याने मत सरकारच्याच बाजूने द्यायचं. प्रश्न विचारता येई, पण उत्तरावर उपप्रश्न विचारायची सोय नव्हती. अर्थसंकल्पावर बोलता येई, पण मत देता येत नसे. मार्चच्या शेवटी एक दिवस ठरलेला असे, त्या दिवशी प्रत्येकाने आपलं भाषण करायचं, शेवटी अर्थमंत्री आणि व्हाइसरॉय उत्तर देणार, आणि सभा संपली. एक रुपयाही इकडचा तिकडे होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे बहुतेक सभासद सरकारचे आभार मानून आपल्या भागातल्या एखाद्या रेल्वेची किंवा कालव्याची मागणी करत आणि खाली बसत.

२६ मार्च १९०२ ला गोखले बोलायला उभे राहिले. सरकारने त्या वर्षी कोट्यवधी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून सांगितली होती. बाहेर काय चाललं होतं? नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेलेला, प्लेग हटलेला नाही. मग ही शिल्लक आली कुठून? गोखल्यांनी ते एखाद्या गणितासारखं सोडवून दाखवलं. सरकारला दरवर्षी इंग्लंडला मोठी रक्कम पौंडांत पाठवावी लागे. रुपयाचा भाव घसरला तेव्हा ही रक्कम रुपयांत फुगली, म्हणून कर वाढवले गेले, मिठावरचासुद्धा. पुढे सरकारने रुपयाचा भाव १६ पेन्सवर बांधून टाकला. आता तीच रक्कम पाठवायला कमी रुपये लागू लागले. पण वाढवलेले कर काही कमी झाले नाहीत. शिल्लक उरली ती त्यातून. लोक श्रीमंत झाले म्हणून नाही, तर गरजेपेक्षा जास्त वसुली झाली म्हणून. उत्तर कसं काढलं ते त्यांनी पायरी पायरीने दाखवलं, अगदी अंकगणिताच्या मास्तरासारखं.

मिठाचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. मीठ गरिबालाही लागतं आणि श्रीमंतालाही, त्यामुळे हा कर गरिबाच्याच पोटावर येतो, तो कमी करा, असं त्यांनी मागितलं. मतदान झालं नाही, होणारच नव्हतं. पण १९०३ मध्ये तो कर २ रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये १ रुपयावर. हे सगळं गोखल्यांमुळेच झालं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, सरकारच्या तिजोरीत पैसा होता हेही कारण होतंच. पण दरवर्षी कोणीतरी उभा राहून आकड्यांनिशी विचारणार आहे, हे सरकारला कळून चुकलं होतं.

या भाषणामागे आणखी एक माणूस होता, आणि त्याचं नाव शिक्षकांच्या ब्लॉगवर तरी आलंच पाहिजे. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरचे. सरकारी शाळेत मुख्याध्यापकी करता करता या गृहस्थांनी देशाच्या जमाखर्चाचा असा अभ्यास केला होता, की रानडेही त्यांना मानत. गोखले त्यांना पत्रं लिहून टिपणं मागवत, आकडे तपासून घेत. हिंदुस्थानच्या अर्थमंत्र्याला निरुत्तर करणारी टिपणं एक शाळामास्तर तयार करत होता! याचं मला फार अप्रूप वाटतं. मी माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, की त्यांना जनगणनेची ड्यूटी नसेल. हसलो सगळे, पण जोश्यांच्याही मागे कामं कमी नसणार.

त्याच सुमारास कलकत्त्यात गोखल्यांच्या घरी एक पाहुणा महिनाभर राहिला होता. दक्षिण आफ्रिकेहून आलेले मोहनदास गांधी. त्यांनी पाहिलं, की या माणसाचा एकही मिनिट वाया जात नाही आणि बोलणं सगळं सार्वजनिक कामाचं. व्यायाम का करत नाही म्हणून त्यांनी गोखल्यांना टोकलंही. वेळ कुठे मिळतो, असं उत्तर मिळालं. मधुमेहाने पुढे गोखल्यांचं काय केलं ते पाहिलं की गांधीजींचं ते टोकणं आठवतं.

पुढची वर्षं मी भरभर सांगतो. १९०३-०४ मध्ये लॉर्ड कर्झनची दोन विधेयकं आली, सरकारी गुपितांचं आणि विद्यापीठांचं. दोन्हींना गोखल्यांनी कलमागून कलम विरोध केला, दुरुस्त्या सुचवल्या, जवळजवळ सगळ्या फेटाळल्या गेल्या. १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. जहालांनी त्यांच्यावर सडकून टीका केली, आणि ती सगळीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. १९१० च्या प्रेस कायद्याला त्यांनी ठामपणे विरोध केला नाही, हे त्यांच्या चाहत्यांनाही खटकतं.

१९०९ च्या कायद्याने नियम जरा सैल झाले. सभासद वाढले, ज्याने प्रश्न विचारला त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला, आणि मुख्य म्हणजे ठराव मांडून त्यावर मतदान मागता येऊ लागलं. बहुमत मात्र सरकारने आपल्याच हाती ठेवलं. गोखल्यांनी या नव्या हत्याराचा लगेच वापर केला. २५ फेब्रुवारी १९१० ला त्यांनी ठराव आणला, की नाताळ वसाहतीसाठी हिंदी मजुरांची करारावरची भरती बंद करावी. (नाताळ म्हणजे सण नव्हे, दक्षिण आफ्रिकेतली वसाहत. मुलं इथे हमखास हसतात.) सरकारने तो ठराव मान्य केला आणि १९११ मध्ये ती भरती बंद झाली. करारावरच्या मजुरीची सगळी पद्धतच बंद करा, हा त्यांचा पुढचा ठराव मार्च १९१२ मध्ये २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला.

आणि आता आपलं विधेयक.

१८ मार्च १९१० ला गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याच्या दिशेने सुरुवात करावी, असा ठराव मांडला. सरकारने विचार करू म्हटलं आणि त्यांनी तो मागे घेतला. त्या वर्षाअखेर सरकारने शिक्षणाचं स्वतंत्र खातं काढलं, हार्कोर्ट बटलर त्याचे प्रमुख झाले. पण सक्तीविषयी हालचाल नाही. मग १६ मार्च १९११ ला गोखल्यांनी स्वतःच विधेयक आणलं.

तेव्हा देशात लिहिता वाचता येणारी माणसं शंभरात जेमतेम ६. गोखले बडोद्याचं उदाहरण देत. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला. एका संस्थानिकाला जमतं ते ब्रिटिश सरकारला का जमू नये, हा त्यांचा साधा सवाल होता.

विधेयक वाचलं की लक्षात येतं, गोखल्यांनी किती दबकत पावलं टाकली होती. सगळ्या देशात एकदम सक्ती नाही. ज्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा बोर्डाच्या हद्दीत काही ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात, तिथेच ती आणायची. साधारण एक तृतीयांश, असं प्रमाण त्यांच्या मनात होतं. तेही त्या संस्थेची इच्छा असेल आणि सरकारने परवानगी दिली तरच. वय ६ ते १०. खर्चासाठी संस्थेने शिक्षण कर बसवावा, आणि मोठा वाटा, दोन तृतीयांश, सरकारने उचलावा ही अपेक्षा. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला आधी समज द्यायची, मग किरकोळ दंड. शाळेच्या वयाच्या मुलाला कामावर ठेवणाऱ्यालाही दंड. आणि सुरुवातीला सक्ती फक्त मुलग्यांना. मुलींसाठी नंतर, संस्थेला वाटलं तर. हे शेवटचं मला पटत नाही. कर्वे हिंगण्याला मुली आणि विधवा शिकवत होते, सावित्रीबाईंच्या शाळेला साठ वर्षं उलटून गेली होती. गोखल्यांना वाटलं, मुलींचं नाव घातलं तर विधेयक तिथेच अडेल. ते मुलींना वगळूनही अडलंच.

वर्षभर विधेयक देशभर फिरलं. प्रांतिक सरकारं, नगरपालिका, संस्था, सगळ्यांची मतं मागवली गेली. गोखल्यांनी ती सगळी वाचली. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात बादशहाने शिक्षणासाठी ५० लाख रुपये जाहीर केले, तेव्हा अनेकांना वाटलं की आता गाडी पुढे सरकेल. तसं झालं नाही. १८ आणि १९ मार्च १९१२ ला कलकत्त्यात चर्चा झाली. मागणी काय होती, हे वर्गात जरूर सांगा. विधेयक पास करा एवढीसुद्धा मागणी नव्हती. ते प्रवर समितीकडे पाठवा, तिथे बसून दुरुस्त करू, एवढंच. म्हणजे आपल्या पाठातली अगदी मधली पायरी.

बटलरांनी सरकारची बाजू मांडली: आधी खुशीने येणाऱ्या मुलांची सोय करू, सक्तीची मागणी लोकांकडून आलेली नाही, प्रांतिक सरकारं विरोधात आहेत, पैसा नाही. हिंदी सभासदांतही एकमत नव्हतं. शेतावरची पोरं शाळेत गेली तर गुरं कोण राखणार, ही जमीनदारांची काळजी. नवा कर नको, ही आणखी कोणाची. मदनमोहन मालवीय, मझरुल हक आणि तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना गोखल्यांच्या बाजूने उभे राहिले. सगळ्यांचं ऐकून घेऊन गोखल्यांनी प्रत्येक आक्षेपाला एकेक करून उत्तर दिलं, जसं आपण वर्गात शंका लिहून घेतो आणि शेवटी घेतो. निकाल काय लागणार हे मतदानाआधीच माहीत असल्याचं त्यांनी सभागृहात उघड सांगितलं. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशाची सेवा करणं आलं आहे, अशा अर्थाचं ते बोलले. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. मग मतं मोजली गेली. बाजूने १३, विरोधात ३८.

त्यानंतर ते तीन वर्षंही जगले नाहीत. १९१२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, सरकारी नोकऱ्यांच्या आयोगाचं काम केलं, सरकारने देऊ केलेला 'सर' हा किताब नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात त्यांचं निधन झालं, वय ४८.

१९१६ मध्ये मालवीयांनी करारावरच्या मजुरीविरुद्ध पुन्हा ठराव मांडला. तो चार वर्षांपूर्वी पडलेल्या ठरावाचाच पुढचा अवतार होता. या वेळी सरकारने तो स्वीकारला. १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. महाराज मूळचे कागलचे, म्हणजे गोखल्यांचं बालपण जिथे गेलं त्याच गावचे. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदेमंडळात नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारं विधेयक मंजूर करून घेतलं. त्याची घडण गोखल्यांच्याच विधेयकाची होती. इतर प्रांतांनीही मग तसे कायदे केले. सगळ्या देशासाठी ६ ते १४ वयाच्या मुलामुलींच्या हक्काचा कायदा अमलात यायला मात्र १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. आपल्या शाळेच्या पटावर आज जी नावं आहेत, ती त्या कायद्याखाली आहेत.

यंदा मी हा पाठ वेगळ्या पद्धतीने घेतला. तुम्हीही करून बघा, दोन तास पुरतात. माझ्या वर्गात ५१ मुलं आहेत, हा योगायोगच. १३ चिठ्ठ्यांवर गोखल्यांची बाजू लिहिली, बाकीच्यांवर सरकारची. अट एकच: सरकारच्या चिठ्ठीवाल्याने काहीही ऐकलं, काहीही पटलं, तरी हात विरोधातच वर करायचा. एका मुलाला बटलर केलं, एकीला गोखले. विधेयकाची कलमं सोप्या भाषेत फळ्यावर लिहून ठेवली. चर्चा मुलांनी करायची, मी व्हाइसरॉयच्या खुर्चीत.

तासाभराने मतदानाची वेळ आली तेव्हा सरकारच्या बाजूची सात-आठ मुलं उठून टेबलापाशी आली आणि चिठ्ठी बदलून मागू लागली. मी नियम दाखवला. ती जागेवर गेली आणि त्यांनी हात वर केले. त्यांतला एक तर मान खाली घालून हात वर करत होता. निकाल फळ्यावर लिहायला मी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीच्या धाकट्या भावाला बोलावलं. तो यंदा आठवीत आहे. त्याने १३ लिहिले, ३८ लिहिले, आणि मागे वळून विचारलं, की सर, आता परत कधी मांडायचं?